मनुका भिजत घालण्याआधी

बडनेऱ्याला आत्याच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर काळ्या मनुकांचा डबा असतो. पत्र्याचा, कधीकाळी बिस्किटांचा. तो उघडला की आधी गोड, मग किंचित आंबूस वास येतो, आणि त्या वासाबरोबर फिनेल, कार्बोलिक साबण, तव्यावरची बिनमिठाची पोळी आणि भर दुपारी वाजणारी वॉर्डाची घंटा असं सगळं मला एकदम आठवतं. गेल्या थंडीच्या शेवटी, एका शुक्रवारी, मी तो डबा पुन्हा उघडला. आत्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तिला पुण्याला न्यायला आलो होतो. निदान सगळ्यांना मी तसं सांगितलं होतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, मार्था. इथल्या मिशनच्या दवाखान्यात तिनं उभं आयुष्य नर्स म्हणून काढलं. लग्न केलं नाही. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. माझी आई गेली तेव्हा मी पाटी धरण्याइतकाही मोठा नव्हतो. बाबा अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. तिथं मला सांभाळणार कोण, म्हणून त्यांनी मला आत्याच्या स्वाधीन केलं आणि दर शनिवारी पॅसेंजरनं भेटायला येऊ लागले. त्यांच्या केसांत, भुवयांवर, कानाच्या पाळीवरसुद्धा रुईचे बारीक तंतू अडकलेले असत. त्यांच्या मांडीवर बसून मी ते एकेक वेचायचो. बाबांचा वास म्हणजे सरकीचा वास, हे माझं पक्कं होतं. आत्याचा वास मात्र रोज वेगळा असे. कधी टिंक्चरचा, कधी उकळलेल्या सुयांचा, कधी दुसऱ्याच कुणाच्या तापाचा.

आता दवाखाना बंद आहे. का बंद झाला याची प्रत्येकाकडे वेगळी कहाणी आहे, त्यात मी शिरत नाही. वॉर्डांना कुलपं आहेत, व्हरांड्यात पारवे आहेत. मागच्या क्वार्टरांच्या ओळीत दोन-तीन घरांतच चूल पेटते, आणि उन्हाळा संपायच्या आत तीही रिकामी करायची आहेत. त्यातलं एक आत्याचं. तिच्यासोबत सगुणाबाई राहते. ती वलगावकडची, फार वर्षांपूर्वी इथं उपचाराला आली, बरी झाली, पण तिला न्यायला घरचं कुणी आलंच नाही. पुढे तिची नजरही गेली. आत्यानं तिला वॉर्डातून उचलून आपल्या घरात आणलं, आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींवर खेकसत सुखानं राहतात. सुखानं हा शब्द माझा. तो मी पुण्यात बसून वापरत आलो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. पोळीचा चिमूटभर तुकडा आणि अंगठ्याएवढ्या पेल्यात द्राक्षाचा रस, एवढंच ते जेवण, पण ख्रिस्ती माणसाला याहून मोठं पान नाही. माझ्या लहानपणी बडनेऱ्यात रसाची द्राक्षं बारा महिने कुठून मिळणार? म्हणून मनुका. त्या शुक्रवारी संध्याकाळी धुऊन भिजत घालायच्या, शनिवारी मंद आचेवर उकळायच्या, गार झाल्या की कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. रविवारी उजाडता उजाडता आत्या बिनमिठाची जाड पोळी भाजायची आणि वॉर्डातली कात्री उकळत्या पाण्यातून काढून त्याच कात्रीनं पोळीचे बारीक चौकोन कापायची. बँडेज कापताना असे तशीच तिची नजर तेव्हा असायची. कडेचे वेडेवाकडे तुकडे माझे. ते दातांखाली कुरकुरत, आणि मिठाविना सुद्धा इतके गोड लागत की पुढे कितीतरी मोठ्या हॉटेलांत जेवूनही तसा घास मला मिळालेला नाही.

पण मनुका भिजत घालण्याआधी आत्याची एक फेरी असायची. हा तिचा स्वतःचा रिवाज होता. तो दुसऱ्या कोणत्या चर्चच्या मंडळीत मी पाहिला नाही. शुक्रवारी दवाखान्यातली पाळी संपली की पांढऱ्या लुगड्याचा पदर कमरेला खोचून ती क्वार्टरांच्या ओळीतून निघायची. दाराशी उभी राहून विचारायची, "सलाम बाई. काही हाये काय मनात?" म्हणजे कुणाशी भांडण, कुणाचा राग, काही गिळून ठेवलेलं. असेल तर तिथंच मिटवायचं. दोन्ही घरची माणसं एका किटलीतला चहा प्याली की आत्या पुढच्या दारी. सगळी दारं झाली की घरी येऊन डबा काढायची. तोवर मनुकांना पाणी लागत नसे.

एकदा तायडेबाई आणि शेजारची खंडारेबाई शेवग्यावरून भांडल्या. झाड तायडेबाईंचं, फांदी खंडारेबाईंच्या अंगणात.

"शेंगा माह्या आंगनात लोंबल्या तं माह्याच झाल्या ना!" खंडारेबाई म्हणे.

"अन् पानी कोन टाकते? तुहा बाप?"

बाप निघाला, मग आजा निघाला. आत्या मधोमध किटली घेऊन उभी. चहावर साय धरली, तरी दोघी वळेनात. तेव्हा आत्या सरळ घरी आली आणि हातपाय धुऊन माझा अभ्यास घ्यायला बसली. शनिवारी पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, चौकशीला आले, तर गंज रिकामा. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात.

"मार्थाबाई, हे काय? शास्त्रात असा नियम कुठंही नाही," ते म्हणाले.

"शास्त्रात नसन, साहेब," आत्या म्हणाली. "माह्या गंजात हाये."

त्या रविवारी प्रभूच्या मेजावर नुसता पांढरा कपडा होता. सगळी मंडळी त्या कपड्याकडे बघत बसली आणि दोघी बाया आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे. पुढच्या फेरीच्या आधीच आमच्या ओट्यावर शेवग्याच्या शेंगांची मोठी जुडी येऊन पडली. कुणी ठेवली हे दोघीही सांगेनात. आम्ही आठवडाभर शेंगांची आमटी खाल्ली आणि पाळकसाहेबांनी पुन्हा नियमाचं नाव काढलं नाही.

तो प्रश्न मलाही असे. "काही हाये काय रे मनात?" माझ्याकडे बहुधा काहीतरी तयार असायचं. चोरलेला गूळ, सगुणाबाईची लपवलेली काठी, रविवारच्या शाळेत काढलेली मास्तरांची नक्कल. एकदाच मनातलं खरं सांगितलं. रात्री ती गोष्ट सांगायची आणि अर्ध्यावर वॉर्डाची घंटा वाजली की चपला घालून निघून जायची. राजपुत्र विहिरीतच राहायचा. "मले तुहा राग येते," मी म्हणालो. "तू साऱ्यांची हायेस, माही नाईस." ती पाटावर बसली. "बरं केलं सांगतलं," म्हणाली, आणि मनुकांवर पाणी ओतलं. त्या रात्री घंटा वाजली आणि ती चपला घालून निघून गेली. मी राग सांगितला म्हणून तिचं जाणं थांबलं नव्हतं. फक्त मला, का कोण जाणे, छान झोप लागली.

ते दिवस आठवायला लागलो की एकामागून एक ऋतूच येतात. उन्हाळ्यात अंगणात पाणी मारून खाटा टाकलेल्या, मातीतून निघणारी वाफ, कडुलिंबाचा बारीक फुलोरा उशीवर पडलेला, आणि रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजता मोजता मिटलेले डोळे. कापसाच्या दिवसांत रस्त्याकडेच्या बाभळींना लागलेली रुई, आणि गाड्यांच्या मागे धावताना बैलांच्या घुंगरांचा आवाज. नाताळच्या आधी कामट्या आणि पतंगाच्या कागदाचा तारा करायचो. खळ म्हणून कणिक शिजवायची, आणि ती अर्धी पोटात जायची. आत दिवा लावला की ताऱ्याचा लाल उजेड मिशनच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या रजियाचाचीच्या भिंतीवर पडायचा. तिची मुलं तो पकडायला हात पसरून धावायची. ईदेला तिच्याकडून शेवया यायच्या, नाताळात आमच्याकडून करंज्या जायच्या. ताटली कधी रिकामी परत करायची नाही, हे दोन्ही घरांना सारखंच ठाऊक होतं.

आणि एका वर्षी मनुकाच मिळेनात. बाजार बंद होता, गाड्या बंद होत्या, मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती. काय झालं होतं ते मला आजही नीट माहीत नाही. आत्यानं अंबाडीची वाळलेली बोंडं काढली. ती उकळली तर लालभडक, जिभेला झिणझिण्या आणणारा आंबट रस निघाला. त्या रविवारी पेला ओठाला लावल्यावर सगळ्या मंडळीचे डोळे मिटले आणि चेहरे एकसारखे वाकडे झाले. मला हसू आवरेना. नंतर आत्या म्हणाली, "प्रभूनं घेतला तो प्याला गोड थोडीच होता?" मला तेव्हा काही समजलं नाही. गोड नव्हता तर प्यायचा कशाला, एवढंच डोक्यात आलं. खरं सांगायचं तर त्यापुढे माझं डोकं फारसं गेलेलं नाही.

मॅट्रिक झालो, पुण्याला गेलो, नोकरी लागली, संसार झाला. वऱ्हाडी बोली हळूहळू जिभेवरून उतरली. क्वार्टरं रिकामी होत गेली. पोरं पुण्याला, बंगळुरूला, कुणी दुबईला. जे मागे आहेत ते पुढच्या वर्षी इथं असतील का, हे त्यांचं त्यांनाच माहीत नाही. भजनं हल्ली कुणाची हरकत नको म्हणून दारं-खिडक्या लोटून म्हणतात, झांजा तर काढतच नाहीत. आणि फेरीसाठी दारंच उरली नाहीत, तेव्हा आत्यानं ती मोबाईलवर सुरू केली. जे गेले त्यांना ती फोन करते. ते मेजाशी येणार नसतात, तरी करते. महिन्याच्या त्या शुक्रवारी संध्याकाळी माझाही फोन वाजतो. मी कधी भाजी निवडत असतो, कधी क्रिकेट बघत असतो.

"काही हाये काय रे मनात?"

"नाही आत्या. सगळं बरं आहे."

"बरं," ती म्हणते, आणि ठेवते. हे इतकी वर्षं चाललं आहे की त्यात मला खोटं बोलल्यासारखंही वाटेनासं झालं होतं.

घर रिकामं करायचं आहे हे कळल्यावर मीच म्हणालो, आत्या, तू पुण्याला चल. आमचं घर दोन खोल्यांचं. मुलाची नोकरी सुटली आहे, तो बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन आमच्याकडेच आहे. नवी नोकरी कधी लागेल ते कुणी सांगू शकत नाही. तरी सुनंदा, माझी बायको, लगेच म्हणाली, "आणा त्यांना. हॉलमध्ये दिवाण टाकू." ती मनापासून म्हणाली. मनापासून नव्हतं ते माझं. संध्याकाळी सात वाजता बाळ रडत असतं, टीव्ही चालू असतो, मुलगा भिंतीकडे बघत बसलेला असतो, आणि त्यात कोपऱ्यात बसून सगळं निरखणारी, काही न बोलणारी आत्या, हे चित्र मला सोसवत नव्हतं. मला घरातला माझा तो एक कोपरा हवा होता. आणि सगुणाबाईचं काय, तर तिच्यासाठी अमरावतीच्या एका आश्रमात चौकशीही करून आलो होतो. आत्याला तसं सांगितलं नव्हतं. गाडीत बसल्यापासून मी मनात एकच घोकत होतो. ती नाही म्हणू दे. प्रार्थना म्हणायची लाज वाटते, पण दुसरा शब्द नाही.

त्या शुक्रवारी मी पोचलो तर आत्यानं माझ्यासाठी वरूडची संत्री आणून ठेवलेली. सोलून, शिरा काढून, लहानपणी द्यायची तशी. मी म्हणालो, "मग, कधी निघायचं?" ती म्हणाली, "पाहू." संध्याकाळी तिनं फोनवरची फेरी केली. नाशिक, नागपूर, कुठे कुठे. सगुणाबाई खाटेवर बसून प्रत्येक आवाज ओळखत होती. शेवटी आत्यानं फोन खाली ठेवला, चष्मा काढला आणि माझ्याकडे वळली.

"काही हाये काय रे मनात?"

"नाही," मी म्हणालो. समोरासमोर.

"बरं," ती म्हणाली. डबा फळीवरून काढून तिनं हातात घेतला, जरा वेळ धरला आणि परत जागेवर ठेवला. मग भाकरी टाकायला बसली.

सकाळी उठलो तर गंज उलटा घातलेला. मी डबा हलवून पाहिला, मनुका कोरड्या वाजल्या. पाळकांचा अमरावतीहून फोन आला. हे आताचे पाळक तरुण आहेत, महिन्यातून एकदा मोटारसायकलवर येतात. आत्या त्यांना म्हणाली, "पाहू, साहेब, अजून तं काही नाई." माझ्याशी ती नेहमीसारखीच बोलत होती. चहा दिला, आंघोळीला पाणी काढलं, पाठीला तेल लावू का विचारलं. राग असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. दुपारपर्यंत मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिलो. मूठभर माणसं उद्या येणार, रिकाम्या मेजाकडे बघणार, आणि त्यांना कारण कळणारही नाही. कारण मी होतो.

मग सगुणाबाई भिंत चाचपत दाराशी आली. नाक वर करून तिनं हवेचा वास घेतला.

"बाई, आज शनवार होय ना? वास नाई आला मनुकायचा."

"नाई आला," आत्या म्हणाली.

"भांडन झालं काय कोनाचं? आता तं भांडाले मानसंच नाई राह्यले." म्हातारीनं एक सुस्कारा टाकला. "मी कालपासून वाट पाहून राह्यली. मले दिसत तं नाई काही. वास आला म्हंजे रविवार आला, असं समजतो."

मी आत गेलो. आत्या तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो, आणि कितीतरी वर्षांत न बोललेली बोली आपोआप तोंडात आली.

"आत्या, तू येऊ नये असं वाटते मले."

तिचा हात सुपात थांबला. "मालूम हाये," ती म्हणाली. "तुह्या तोंडून यायले पायजे होतं, बस्."

"घर लहान हाये. पोरगा घरी हाये. मले..." मग मी माझी जुनीच ढाल पुढे केली. "अन् तू इथं सुखात हायेस ना. तुले तिथं करमलंही नसतं."

आत्यानं सूप बाजूला ठेवलं.

"कोनं सांगतलं तुले मी सुखात हाये म्हनून?"

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"लय मन होतं माहं यायचं," ती म्हणाली. "तुह्या नातीले आंघोय घालाची होती. कोनाचं तरी लेकरू मांडीवर घेऊन नुसतं बसाचं होतं, कोनाले सुई न टोचता. इथं संध्याकाय झाली का घर खायले उठते. ही एक म्हतारी, तिले रात्री दहादा पानी पायजे. गुडघे माहे राह्यले नाई. सुख कसाचं घेऊन बसला रे?"

"मग चल ना," मी म्हणालो, आणि त्या क्षणी खरंच म्हणालो.

"हिले कोन पाहीन?"

मी आश्रमाचं बोललो नाही. बहुतेक तेही तिला माहीत असावं.

"मन तं लय गोष्टीचं होते," आत्या म्हणाली. "मन हाये म्हनून उठून जाची असती तं तवाच गेली असती, तू पोट्टा होता तवा. मनासाठी थोडीच राहून राह्यली इथं. प्रभूनं ठेवलं, राह्यली." मग ती भिंतीला धरून उठली. "ऊठ. भिजवाले टाइम नाई राह्यला आता. गरम पानी ठेव, तशाच उकडू."

मनुका फुगल्या, सालं फुटली, घरभर वास पसरला. सगुणाबाई खाटेवर ताठ बसली आणि कालपासून अडवून धरलेलं एक भजन गुणगुणायला लागली. मी कुस्करत होतो, आत्या फडकं पिळत होती. मला हलकं वाटायला हवं होतं. लहानपणी वाटायचं. या वेळी मात्र आत कुठंतरी गुपचूप सुटकेचा आनंद झाला होता की ती येत नाही, आणि तो आनंद माझा मलाच किळसवाणा वाटत होता. आजवर मी तिच्या सुखाच्या जिवावर पुण्यात निवांत होतो. ते सुख तिनं माझ्यासमोर काढून घेतलं आणि बदल्यात काहीच दिलं नाही.

रविवारी उपासनेला माणसं तुरळक होती. पेल्यांचा ट्रे माझ्यापर्यंत आला तेव्हा माझा हात पुढे होईना. शेजारी बसलेल्या आत्यानं एक पेला उचलून माझ्या हातात ठेवला, आजाऱ्याला औषध द्यावं तसा, आणि मी प्यायलो. रस गोड होता. मला रडू आलं ते मी खोकल्यावर निभावून नेलं.

दुपारी आत्या म्हणाली, आलाच हायेस तर सामान हलव. कुठं हलवायचं? तेव्हा कळलं की रजियाचाचीनं तिच्या घरामागची खोली या दोघींसाठी मोकळी करून ठेवली आहे. चाचीच्या घरात तीन मुलगे, सुना, नातवंडं. एका वेळी सगळे जेवायला बसले तर पंगत अंगणात जाते. मी तिला म्हणालो, "चाची, तुमच्याकडे आधीच किती गर्दी आहे."

"गर्दी तो है, भाई," ती म्हणाली. "गर्दी में दो बुढिया क्या जादा होती? बकरी का खुंटा बाहर गाड दिया, हो गई जगा."

मी डोक्यावर गादी घेतली होती हे बरं झालं, माझं तोंड तिला दिसलं नाही. गादी घेऊन मी त्या खोलीत शिरलो. खोली अरुंद. भिंतीला ताजा चुना, खाली शेणानं सारवलेलं, एक खिडकी रेल्वेच्या बाजूला. आणि आत तीन खाटा. खाटेला खाट लागावी अशा दाटीवाटीनं घातलेल्या, मधून जायला वाटही नाही. दोन जुन्या, ओळखीच्या, उपासनेच्या वेळात चाचीच्या मुलांनी आणून टाकलेल्या. तिसरी नवी. तिची सुतळी अजून पिवळीधमक होती.

"तिसरी कोणाची?" मी विचारलं. मला वाटलं, वॉर्डातलं आणखी कुणी बेवारस तिनं गोळा केलं असेल.

आत्या मागून सगुणाबाईचा हात धरून येत होती. "तुही," ती म्हणाली. "तू येशीन तं झोपशीन कुठं?"

मी गादी तशीच धरून उभा राहिलो.

"मागच्याच महिन्यात विनून घेतली," ती म्हणाली. "पडून पाह्य जरा. लांबीले पुरते काय तुले?"

मी गादी ठेवली आणि त्या खाटेवर आडवा झालो. डोकं टेकलं, पाय ताणले. टाचा खाटेच्या पायथ्याच्या लाकडापर्यंत बरोबर पोचल्या.

"पुरते," मी म्हणालो.